कोंडवाड्यात टाकलं

प्रत्येक घराण्यात एक तरी पुरुष असा होऊन जातो, की ज्याच्या त्यागाच्या सावलीत पुढच्या पिढ्या वाढतात. हे वाक्य माझं नाही. धुळ्याच्या अलीकडे, आमच्या गावाच्या फाट्यावर लागलेल्या फ्लेक्सवर ते छापलेलं होतं. त्यात ‘पिढ्या’तली पि दीर्घ होती, आणि एका लोकप्रतिनिधीच्या फोटोचा कोपरा ‘त्यागाच्या’मधल्या ‘गाच्या’वर आल्यामुळे नुसतं ‘त्या सावलीत’ एवढंच वाचता येत होतं. मधोमध पांढऱ्या घोड्यावर बसलेला, तलवार उपसलेला, रुंद छातीचा एक पुरुष होता. खालचा मजकूर वाचल्यावर कळलं, की हे माझे पणजोबा.

पणजोबांचा फोटो आमच्याकडे नाही, कधी नव्हता. धाकट्या चुलतभावाने तो मोबाइलवर तयार करून घेतला होता. नमुना म्हणून त्याने स्वतःचाच फोटो दिला, त्यामुळे पणजोबांना चुलतभावाचा चेहरा मिळाला आणि गळ्यात त्याची जाडजूड सोनसाखळीही आली. इंग्रजांशी लढायला निघालेला माणूस लग्नाच्या वरातीला निघाल्यासारखा दिसत होता.

“नाना,” चुलतभावाने मला जळगावला फोन केला, “तुम्ही वाचता-बिचता. कॉलेजात शिकवलंय. आबा जेलात होते त्याचा एक कागद काढून द्या. फक्त एक कागद.”

आबा म्हणजे पणजोबा. घरात त्यांना सगळे आबाच म्हणत, त्यांना न पाहिलेलेसुद्धा. आबा इंग्रजांच्या कैदेत होते, ही आमच्या घरातली पिढीजात माहिती. तिचा मूळ स्रोत एकच होता: पणजीचं एक वाक्य. “इंग्रजनी कोंडवाडामा टाकं.” एवढंच ती म्हणायची आणि पुढे बोलायची नाही. न बोलण्याचं कारण दुःख असणार, असं सगळ्यांनी धरलं. कोंडवाडा म्हणजे गुरांचा, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण बाई अडाणी, तुरुंगालाही कोंडवाडाच म्हणत असेल, अशी आमच्या शिकलेल्या पिढीने तिच्यावर मेहेरबानी केली. शिवाय घरात खुंटीवर एक जुनं खोगीर होतं. खोगीर आहे म्हणजे घोडा होता, घोडा होता म्हणजे स्वारी होती. पुढची खोगीरभरती चुलतभावाने केली.

त्याला जिल्हा परिषदेची निवडणूक लढवायची होती. त्यासाठी गावाच्या तोंडाशी आबांच्या नावाची कमान हवी होती, वर आबांचा अश्वारूढ पुतळा. निधी मिळवून देणाऱ्यांनी अट घातली होती, की ग्रामसभेत पुराव्यासह ठराव झाला पाहिजे. त्यांनाही पुराव्याशी देणंघेणं नव्हतं. पण फाइलीत काहीतरी लावावं लागतं.

इथपर्यंत मी हसून सोडून दिलं असतं. पण कमानीचा उजवा खांब आत्याच्या ओट्यावर येत होता.

माझी आत्या, म्हणजे आबांची नात, नव्वदीच्या घरात आहे. नवरा गेल्यावर धुळ्याच्या सासरहून ती माहेरच्या या घरात परत आली. गावात शिरताना पहिलं घर तिचं. गुडघे कामातून गेल्यापासून तिचं सगळं बाहेर जाणं म्हणजे उंबरा ओलांडून ओट्यावर बसणं. कोण कोणाच्या गाडीवर बसून आलं, कोणाकडे पाहुणे आले, कोणाच्या पिशवीतून मेथी डोकावते आहे, हे तिला तिथून कळतं. ओट्याला ती “मना पेपर” म्हणते. सकाळी चहा घेतला की म्हणते, “चाल, पेपर वाचू.”

मी तिला भेटायला गेलो तेव्हा ती पेपरच वाचत होती.

“अक्का, मला पुरावा शोधायला सांगितलाय.”

“सापडी गया तर?”

“तर कमान होईल.”

“आन मना ओटा?”

“जाईल.”

“आन नही सापडना तर?”

“तर आबा जेलात गेलेच नव्हते असं म्हणतील.”

सासरी तिच्या नवऱ्याच्या चुलत्याला इंग्रजांनी रावसाहेब केलं होतं. त्या एका पदवीखाली तिने उभं आयुष्य भाकरी थापल्या होत्या. नणंदा, जावा, सासू, कोणीही टोमणा मारला की तिच्याजवळ उत्तर एकच होतं: तुमच्या रावसाहेबाने ज्यांना मुजरे केले, त्यांच्या तुरुंगात माझा आजला, म्हणजे आजा, बसला. माहेरहून आणलेल्या दागिन्यांपैकी एवढाच शिल्लक होता.

“माले दोन्ही पाहिजे,” ती म्हणाली. “आजला जेलमा बी जायेल पाहिजे, आन मना ओटा बी राहाले पाहिजे.”

मी आयुष्यभर मुलांना मराठी व्याकरण शिकवलं. दोन परस्परविरोधी विधानं एकाच वाक्यात इतकी सहज बसलेली मी फार थोड्या वेळा पाहिली आहेत.

मग माझ्या खेपा सुरू झाल्या. जळगावात मेहरूणहून रिक्षा, स्टँडवरून बस, एरंडोल, पारोळा, धुळे. सरकारी इमारतीच्या जिन्यात प्रत्येक वळणावर देवांच्या फरशा लावल्या होत्या, लोकांनी थुंकू नये म्हणून. लोक देवांना सोडून शेजारी थुंकत होते. वरच्या मजल्यापर्यंत देवांच्या भोवती लाल चौकटी तयार झाल्या होत्या. जुन्या दप्तरांच्या खोलीत वटवाघळांच्या लेंड्यांचा वास होता, आणि तो ज्याला येत नाही असा एक कारकून तिथे डबा खात होता.

“जातीचा दाखला की जमीन?” त्याने वर न पाहता विचारलं.

“पणजोबा.”

“हो, पण कशासाठी?”

हा प्रश्न मला अपमानकारक वाटला. नंतर आजूबाजूला पाहिलं तेव्हा तो योग्यच होता असं दिसलं. त्या खोलीत आलेला प्रत्येकजण आजा-पणजा शोधत होता. कोणाला त्याची जात हवी होती, कोणाला त्याचं शेत. पणजा मिळाला की लोक त्याच्या नावापुढचा रकाना वाचत आणि त्याला पुन्हा लेंड्यांत ठेवून देत. मीही कमानीसाठीच आलो होतो. फरक इतकाच, की मला तो सापडला नसता तर बरं वाटलं असतं.

मृत्यूच्या नोंदीत तो सापडला. मरणाचं कारण: ताप. त्या पानावर वरपासून खालपर्यंत सगळे तापानेच मेले होते. कोणी झाडावरून पडून मेलं असतं तरी त्याला तापच लिहिलं असतं, अशी लिहिणाऱ्याची बैठक दिसत होती. जमिनीच्या उताऱ्यात तो होता, मग एका फेरफाराने नव्हता. एक माणूस जन्माला आला, राबला, त्याच्यापासून आम्ही इतके जण झालो, आणि सरकारने त्याच्याबद्दल एवढंच टिपून ठेवलं, की त्याच्याकडून सारा येतो आणि आता येत नाही.

कैद्यांच्या नोंदी पाहिल्या. सत्याग्रहींच्या याद्या पाहिल्या. आबा कुठेच नव्हते. एका ठिकाणी मात्र त्यांच्याच नावाचा माणूस निघाला, गाव वेगळं, गुन्हा कोंबड्यांची चोरी. मी हे चुलतभावाला फोनवर गंमत म्हणून सांगितलं.

“नाव तेच ना?”

“नाव तेच, पण माणूस दुसरा. कोंबडीचोर.”

“नाना, मग गाव आणि कोंबड्या तेवढ्या झाकून झेरॉक्स काढा ना.”

मी फोन ठेवला. त्यानंतर चहा प्यायलो, पण तोंडाची चव काही बदलली नाही.

शेवटी वर्तमानपत्रं राहिली. धुळ्यातल्या एका जुन्या वाचनालयात स्थानिक साप्ताहिकांचे बांधीव अंक होते. पान उलटलं की कडा हातात येत. पहिल्या पानावर कायम कोणाचं तरी आगमन असे. नवे कलेक्टरसाहेब आले, त्यांच्या मडमसाहेब आल्या, साहेबांनी शाळेला भेट देऊन समाधान व्यक्त केलं. कोणाला पदवी मिळाली तर पानभर अभिनंदन, त्यावर एक कविता, कवितेखाली कवीच्याच दुकानाची जाहिरात. नंतर केसांचं तेल. नंतर गेलेली ताकद परत आणणाऱ्या गोळ्या, आणि त्यांच्या गुणाबद्दल समाधानी गिऱ्हाइकांची पत्रं. साधी माणसं शेवटच्या पानावर, कोपऱ्यात: विहिरीत पडलेली, साप चावलेली, खोट्या मापाबद्दल दंड झालेली. ज्याचं काही वाईट झालं नाही तो छापलाच जात नसे.

मला शिसारी आली, आणि तिचं कारण जुनेपणा नव्हतं. ते सगळं इतकं ओळखीचं होतं. सकाळी बसमध्ये चाळलेल्या पेपरात पहिल्या पानावर एका नेत्याचा वाढदिवस होता. शुभेच्छुकांचे चेहरे टपाल तिकिटांसारखे ओळीने चिकटवले होते. शंभर वर्षांत मडमसाहेबांची जागा वहिनीसाहेबांनी घेतली, एवढाच काय तो बदल. त्या शुभेच्छुकांत तिसऱ्या रांगेत चुलतभाऊ होता. नमस्कार करत होता. कोणाला, ते त्याच्या डोळ्यांवरून कळत नव्हतं, कारण त्याने काळा चष्मा घातला होता.

आबा अशाच एका शेवटच्या पानावर भेटले. सरकारी जाहिरात होती, कोंडवाड्याची. मोकाट फिरणारी, कोणाच्या पिकात शिरलेली जनावरं तिथे कोंडत. मालकाने दंड भरला तर सुटत, नाही भरला तर लिलाव. त्या जाहिरातीत लिलावाला निघालेल्या जनावरांची वर्णनं मालकांच्या नावांसकट दिली होती. त्यात पणजोबांचं नाव, त्यांच्या बापाचं नाव आणि आमचं गाव, तिन्ही बरोबर. पुढे लिहिलं होतं, तट्टू, रंग तांबूस, वय उतार, उजव्या कानास चीर, मागच्या डाव्या पायाने अधू. मालक सोडवण्यास आला नाही.

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. मग मनात पणजीचं वाक्य उभं राहिलं. इंग्रजनी कोंडवाडामा टाकं. आमची बोलीही कर्म गाळून बोलते, मराठीसारखीच. आणि टाकं हे नपुंसकलिंगी. आबांना म्हणायचं असतं तर ‘आबाले टाकं’ झालं असतं, आणि तेही नपुंसकलिंगीच. म्हैस असती तर ‘टाकी’ झालं असतं, बैल असता तर ‘टाका’. पण तट्टू ते. तट्टू टाकलं. घरात सगळ्यांना ठाऊक असलेल्या तट्टूचा उल्लेख पणजीने दरवेळी कशाला करावा? तिच्यामागे तट्टू विसरलं गेलं, क्रियापद उरलं, आणि त्याच्या रिकाम्या जागेत आम्ही आबांना बसवलं. आमच्या घराण्याचा स्वातंत्र्यलढा हा एका प्रत्ययाचा परिणाम होता. खोगीर खुंटीवर का राहिलं, तेही कळलं. लिलावात नुसतं तट्टू गेलं.

एक मात्र माझ्या लक्षात आलं, आणि ते बाहेर पायरीवर बसलो तरी जाईना. माझ्या पणजोबांचा रंग कोणी लिहिलेला नाही. त्यांच्या अंगावर कुठे खूण होती, ते कोणत्या पायाने लंगडत, लंगडत होते का, कोणालाही ठाऊक नाही. तट्टूचं सगळं ठाऊक आहे. विकायचं होतं ना.

आत्याला आधी सांगायचं ठरवलं. ओट्यावर तिच्या शेजारी बसून जाहिरात वाचून दाखवली. कानाची चीर आली तेव्हा तिचा हात स्वतःच्या कानाकडे गेला.

“मंग आजला नही गया जेलमा?”

“नाही, अक्का.”

“त्याले सोडाले बी नही गया?”

“नाही. कदाचित दंड तट्टूपेक्षा महाग असेल. त्यांनी जो काही असहकार केला तो एवढाच.”

तिला विनोद कळला नाही, किंवा कळून तिने तो बाजूला ठेवला. रस्त्यावरून कापसाचा ट्रॅक्टर गेला. तिने चालकाकडे पाहिलं, त्याने हात केला, तिने केला.

“सासूले मी कितलं बोलनी व्हतू,” ती म्हणाली. मग पदराने तोंड पुसून: “जाऊ दे. ग्रामसभामा वाच. मना ओटा तरी राही ना?”

मी हो म्हणालो.

ग्रामसभेला चुलतभावाने मंडप घातला होता. सरपंचबाई घरी होत्या. त्यांच्या खुर्चीवर त्यांचे यजमान बसले होते, ज्यांना गाव सरपंच म्हणतं. मला शाल आणि नारळ दिला गेला. माझा उल्लेख ज्येष्ठ संशोधक असा झाला. आत्या आली होती, दोन बायकांच्या खांद्यांवर हात टाकून. ओटा सोडून ती इतक्या लांब कधी आली होती ते गावाला आठवेना. ती पुढच्या सतरंजीवर बसली आणि माझ्याकडे पाहत राहिली.

मी जाहिरात वाचली. कोंडवाडा म्हणजे काय, लिंग म्हणजे काय, तट्टू कसं ते, हे सांगितलं. आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. मग मागून एक आवाज आला:

“म्हणजे जेलात तट्टू होतं का नाना?”

“हो.”

“मग पेन्शन कोणाले?”

मंडप हसला. “तट्टूना वारस कोन शे, सांगा!” “गाढवं सारी हात वर करा!” सरपंच सुद्धा टोपीने तोंड झाकून हसत होते. मी आत्याकडे पाहिलं. ती हसत नव्हती, पण खांदे सैल झाले होते. ज्या गोष्टीवर ती साठ-सत्तर वर्षं ताठ उभी होती, ती गावाच्या हसण्यात वाहून गेली होती, आणि तिने ती जाऊ दिली होती. बदल्यात तिला जे हवं होतं ते आता मिळणारच, असं मला वाटलं. मी बसलो.

चुलतभाऊ उठला. तो जराही लाल झाला नव्हता. त्याने माइक ठोकला.

“हसा, हसा. पण मला सांगा, तट्टू कोणाचं होतं?”

“आबांचं.”

“कोंडलं कोणी?”

“इंग्रजांनी.”

“मग गरीब शेतकऱ्याचं एकुलतं एक जनावर परकीय सरकार जप्त करतं, लिलावात काढतं, हा अन्याय आहे की नाही? आणि आबांनी काय केलं? माफी मागितली? दंड भरला? नानांनी स्वतः वाचलंय, मालक सोडवण्यास आला नाही! एक पैसा दिला नाही इंग्रजाला! आणि ते तट्टू घुसलं कुठे असेल? साहेबाच्या बागेत. आपोआप घुसतं का? सोडलं होतं. मुद्दाम!”

टाळ्या. ज्याने पेन्शन विचारली होती त्यानेच घोषणा दिली. सरपंचांनी टोपी डोक्यावर सरळ केली आणि ठराव वाचला. पुरावा म्हणून नानांनी परिश्रमपूर्वक शोधलेली तत्कालीन वृत्तपत्रातील नोंद जोडण्यात येत आहे. सर्वानुमते. मी हात वर केला नव्हता. पण शाल दोन्ही हातांनी सावरत होतो, ते कोणाला कसं दिसलं माहीत नाही. इतिवृत्तात माझं नाव अनुमोदक म्हणून आलं.

खोटं बोलणारा माणूस मी पाहिला आहे, त्याला निदान सत्याची भीती असते. इथे सत्य मीच नेऊन दिलं होतं, आणि चुलतभावाने ते ‘धन्यवाद’ म्हणत खिशात घातलं.

जेसीबी आला तेव्हा मी जळगावला होतो. नंतर गेलो, तर ओट्याच्या जागी खड्डा, खड्ड्यात सळया, आणि उंबऱ्याच्या आत प्लास्टिकच्या खुर्चीवर आत्या. तिथून तिला खांब दिसतो. खांबाच्या पलीकडून कोण जातं ते दिसत नाही, नुसती चाकं ऐकू येतात.

“बस,” ती म्हणाली. चहा आला, गेला. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलत होतो. न्यायालय, स्थगिती, अर्ज. तिने हाताने थांबवलं.

“तू पेपर वाचाले गया, आन मना पेपर बंद करी टाका.”



निवडणुकीत चुलतभावाला तिकीट मिळालं नाही. ज्यांनी निधी आणला होता त्यांनी पक्ष बदलला, आणि फाइल मागे पडली. तोवर कमान उभी राहिली होती, रंगही झाला होता. मूर्तिकाराने घोडा आणि स्वार वेगवेगळ्या साच्यांत धरले होते. घोडा वेळेत आला. स्वाराच्या वेळेला निधी संपला. त्यामुळे कमानीवर सध्या नुसता घोडा आहे.